मापांची वही

लॅक्लन थॉर्बर्नचं पहिलं माप माझ्या बापानं घेतलं.
चौदा साल, ऑगस्ट, ओमारूत हाडं गोठवणारी थंडी.
छाती चौतीस, मान साडेचौदा.
समोर पेन्सिलीनं: पोरगं वाढेल अजून,
शिवणीत दोन बोटं कापड ठेवणे.

मी तेव्हा लोहचुंबक घेऊन
फरशीवरच्या टाचण्या वेचत होतो.
मला आठवतात नुसते त्याचे बूट.
उजव्याची नाडी सुटलेली.

ते दोन बोटं कापड लागलंच नाही.
सोळा साली इस्पितळाच्या बोटीतून परतला
तेव्हा छाती बत्तीस
आणि खांद्यावर कॅप्टनचे तीन तारे.
"वरचे सगळे गेले, म्हणून मी वर," म्हणाला.
बापानं टेप गुंडाळून ठेवली,
त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही.

पुढची वीस वर्षं एकच गणवेश.
कोपरं दोनदा बदलली, अस्तर एकदा.
सैन्य म्हणजे तेव्हा शनिवारची कवायत
आणि मेंढ्यांच्या प्रदर्शनात मेजरसाहेबांच्या हस्ते बक्षिसं.
गावाला वाटायचं, हा माणूस उगाच ताठ चालतो.

मग चाळीस साल.
ब्रिगेडियर. छाती एक्केचाळीस, पोट विचारू नका.
कॉलरच्या लाल पट्ट्या मी रात्री जागून शिवल्या,
दिवा धरायला आयव्हर होता.
महिन्याभरात तोही त्याच ब्रिगेडमध्ये गेला.

आयव्हरचं माप वहीत नाही.
घरच्यांची मापं आम्ही डोळ्यांनीच घेतो.

लढाई संपल्यावर थॉर्बर्न आला,
म्हणाला, साधा सूट हवा, राखाडी.
जुन्या कोटावरच्या लाल पट्ट्या काढून दे.
मी उसवल्या. खाली कापड
परवा ठाणातून कापल्यासारखं,
बाकी सगळा कोट उन्हानं विटलेला.

छाती छत्तीस. डावा खांदा अर्धा इंच खाली.
विजारीचं माप घ्यायला मी गुडघ्यावर बसलो
तेव्हा वरून आवाज आला,
मागच्या आरशाशी बोलल्यासारखा:
"क्रीटमध्ये, त्या पुलाकडे,
निरोप देऊन मीच पाठवलं होतं त्याला.
दुसरा पोरगा दमला होता."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
गरज नव्हती तरी
मी त्या बराच वेळ तशाच राहू दिल्या.

समोर त्याचे बूट.
उजव्याची नाडी सुटलेली.
हात तिथवर गेला माझा.

बांधली नाही.