उजवीकडे

मेदेबरच्या भंगारबाजारात, जिथे पिंपांच्या चुली होतात
आणि लष्करी ट्रकच्या पाट्यांच्या कुदळी,
तिथे ती मिळाली:
शेळ्यांच्या फाटकात आडवी बांधलेली.
चाकं नाहीत, हँडल नाही,
सीटच्या जागी तारेचं भेंडोळं.
अबोय हब्तेझगींनी मालक म्हणेल ती किंमत दिली.
दोन वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे;
टायरच्या तुकड्यासाठीसुद्धा ते अर्धा तास हुज्जत घालतात.

दुकानात आणून सीटची नळी उलटी केली
तर आतून माती पडली,
कुंभारमाशीच्या रिकाम्या खोल्या,
एकीत कोळ्याचा वाळका पाय.
फेकल्या नाहीत त्यांनी. खिळ्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवल्या.
"भाडेकरू होते," म्हणाले.

मग महिनाभर रॉकेल, चिंध्या, गंज.
कॉटर पिन तीन दिवस हटली नाही.
मी हातोडी उचलली, तोंडात शिवी आली,
तर म्हणाले, "हळू, तिला ऐकू येतं."
मागच्या हबात अठरा छर्रे हवेत, सतराच निघाले.
अठरावा कुठे, कुठल्या साली, कुठल्या चढावर गेला असेल
याचा विचार करत ते बराच वेळ बसले,
आणि मग माझ्याकडे पाहून खेकसले:
काम नाही का तुला, ल्युवाम?

पॉलिश पेपरखाली रंग निघत गेले.
वर निळा, ब्रशने मारलेला, ब्रशच्या केसांसकट.
त्याखाली राखाडी.
त्याखाली कुणाचातरी घाईचा पांढरा.
आणि तळाशी हिरवा, कोवळ्या मिरचीसारखा,
नखाएवढा.
त्यांनी हात पुसले. चहा मागवला.
साखर घालायला विसरले
आणि तसाच प्यायले.

आडव्या दांडीवर एक पोचा होता, गुडघ्याएवढा.
"भरू का?"
"राहू दे."

भाकरी घेऊन त्यांची बायको लेतेब्रहान आली,
दारातच थांबली, फ्रेमकडे पाहिलं, त्यांच्याकडे नाही.
मला म्हणाली, जोंधळ्याचं एक पोतं आलं होतं गं एकदा घरात,
सगळ्या आळीत चूल नव्हती तेव्हा.
कुठून आणलं, आजतागायत सांगितलं नाही या माणसानं.
अबोय छर्ऱ्यांना ग्रीस लावत होते,
एकेका छर्ऱ्याला, डोळ्यांत औषध घालावं तसं.

मागच्या चाकाचा आऊट मी काढत होते,
खडू रिमला कुठे घासतो ते ऐकत,
तेव्हा ते म्हणाले,
"ही उजवीकडे ओढेल."
पुढचं चाक अजून भिंतीवर टांगलेलं.
फोर्क फडक्यात गुंडाळून फळीवर.
मी काही बोलले नाही.
आरी अर्धा आटा पिळली, पुन्हा खडू धरला.

रविवारी पहाटे नेफासितच्या उतारावर निघाले.
खाली दरीत धुकं गच्च भरलेलं,
कठड्यावर बबून, पोटाशी पिल्लं,
निवडुंगाच्या फड्यांवर दव.
फ्रीव्हीलचा आवाज असा, की कुणीतरी शेंगा सोलतंय.
तिसऱ्या वळणावर तिनं ओढलं,
जोरात नाही,
दुकानासमोर मूल बोट ओढतं तसं.
उजवीकडे दरी होती.
आपोआप माझा डावा खांदा खाली गेला,
आणि ती सरळ चालू लागली.

असाच एक खांदा पाडून अबोय चालतात.
मला वाटायचं, वय.

परत येताना चढ होता, ढकलत आणली.
अर्बारोबाच्या वळणावर ते उभे, टोपी कानापर्यंत,
सायकलशिवाय इतक्या लांब कसे आले कोण जाणे.
"चेन पडली का?"
"नाही."
"ब्रेक?"
"लागतात. मागचा किंचाळतो."
पुढचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
फक्त म्हटलं, फोर्क सरळ करता येईल, अबोय,
साच्यात धरून, एका दुपारचं काम.
"बघू," म्हणाले,
आणि माझ्या हातून हँडल घेतलं.

गाव अजून बरंच वर होतं,
आणि ब्रेडचं दुकान रविवारी लवकर बंद होतं.