पात्रांवाचा आकडा

कुडचड्याच्या सभागृहात, रविवारी अकराला
पात्रांव हार घालून माईकसमोर उभे राहिले.
पुढे बँकेचा मॅनेजर, नगराध्यक्ष, फोटोवाला.
मागच्या तीन रांगांत आम्ही:
ड्रायव्हर, मेस्त, गाड्या धुणारी पोरं
आणि हिशोबाची मी.

"बारा टॅक्सी," पात्रांव म्हणाले, "बाराही विजेच्या.
किलोमीटरला एक रुपया. धूर नाही, आवाज नाही."

वाक्य माझं होतं.
शनिवारी रात्री टाइप केलं तेव्हा त्यात
'बॅटरीचा हप्ता सोडून' असे तीन शब्द होते.
पेन्सिलीची एक रेघ, आणि ते गेले.

टाळ्या विरत आल्या तसा रोहिदास वेळीप उठला.
माणूस असा की पगार कमी आला
तर कॅलेंडरकडे बघत बसेल.
"पात्रांव, दहा दिवस चालवली मी ती.
कागदावर अडीचशे.
चार माणसं, सहा बॅगा, एसी.
मोपाहून परत येताना पंचवाडीच्या चढावर
आकडा उतरायला लागला,
अठरा, सतरा, चौदा.
मधले दोन कुठे गेले, विचारलं नाही.
घरी पोचलो तर वाड्यावर लाइट नव्हती."

"पुरे," पात्रांव म्हणाले.
हळू म्हणाले, पण माईक चालू होता.

मग मेस्त इनास. उठला नाही, बसूनच,
"मी माझ्या पोटासाठी बोलतोय, आधीच सांगतो.
ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही.
मग मी काय करू? वायर लावू आणि काढू?"
लोक हसले. तोही हसला, थोडा उशिरा.

तेवढ्यात कोळशाची मालगाडी आली,
मुरगावाहून वर, घाटाकडे.
खिडक्या थरथरल्या. सगळे गप्प राहिले,
कुडचड्यात तिच्यावर आवाज चढवून कुणी बोलत नाही.
मी वाघिणी मोजल्या, सवयच ती.
शेवटची गेल्यावर मेस्त म्हणाला,
"धूर नाही म्हणता? तो बघा,
दुसऱ्याच्या गावी चाललाय."

तो कोळसा पोलादाच्या भट्ट्यांसाठी जातो,
विजेसाठी नव्हे, मला ठाऊक होतं.
बोलले नाही. वाक्य चांगलं होतं.
मग पेन्सिलीला तरी काय बोलायचं?

"मला आवडते ती गाडी," फिलोमेना बार्रेटो म्हणाली,
कुणी विचारलं नसताना.
"कंबर धरत नाही.
रात्री दोनला घरी येते, कुत्रीसुद्धा उठत नाहीत."

खाण बंद पडली त्या वर्षी
ह्याच माणसाने सोळा ट्रक उभे करून
सात महिने आम्हाला अर्धा पगार दिला,
आणि दर पहिल्या तारखेला सांगितलं,
पुढच्या महिन्यात सुरू.
तेव्हा कुणी उठलं नव्हतं.
टपांवर गवत आलं तरी नाही.

"सुरंगाबाय, तू सांग यांना आकडा."

माईक माझ्यापर्यंत पोचत नव्हता. बरंच झालं.
"हप्ता धरून साडेचार. बॅटरी सात वर्षं टिकली तर.
पेट्रोलची साडेसात पडते.
म्हणजे परवडते, पात्रांव.
एक रुपयात नाही. पण परवडते."

मॅनेजरने काहीतरी लिहून घेतलं.
पात्रांवांनी हार काढला.
झेंडूची एक पाकळी कानामागे राहिली,
ती त्यांना कुणी सांगितली नाही.

सोमवारी कुणाला काढलं नाही,
कुणाला शाबासकीही नाही.
पुढच्या पंधरवड्यात गाड्या आल्या, तीन.
मेस्तने एकीचं बॉनेट उघडलं,
आत पंजा टेकवला,
तापाच्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा.

"चालू आहे की बंद?"

"चालू," फिलोमेना आतून म्हणाली.

त्याने हात तसाच ठेवला.