केळपान फायनल नवे

चोपड्याला, यावल रोडवर, माझ्या दुकानात
एकच केळीचं पान आहे.
बारा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मळ्यातून आणलं,
काचेवर मावेना
म्हणून तीन तुकड्यांत स्कॅन करून जोडलं.
चिकाचा डाग काचेवर अजून आहे.

तेव्हापासून ते कुणाच्याही मागे उभं राहतं:
वाढदिवसाच्या गॉगलमागे,
हळदीच्या पत्रिकेवर,
कानबाईच्या रोटांच्या निमंत्रणाला,
दशक्रियेला जरा काळपट करून.
वारा सुटला की चौकातलं फ्लेक्स चिरतं,
पान फाइलीत एकसंध.

डाव्या कडेला मात्र खाच आहे, अर्धगोल.
एकदा क्लोन करून बुजवली.
इतकं गुळगुळीत झालं
की मलाच ओळख देईना.
कंट्रोल झेड.

मागच्या चैत्रात दोधू आप्पा आले,
नातवाच्या जावळाचं बॅनर बघायला.
नातवाकडे पाहिलंच नाही.
खाचेवर बोट ठेवलं,
स्क्रीनवर घामाचा ठसा उठला.
"हाई पान मन्हा मयानं शे.
आठे बकरीनी तोंड मारेल व्हतं."

मी म्हटलं, आप्पा, केळीची पानं सारखीच दिसतात.
"पाने ऱ्हातस सारखा. बकऱ्या ऱ्हातस का?"

मळ्यात आता प्लॉट पडलेत,
गटारीचे पाइप येऊन पडलेत.
मला वाटलं, पैसे मागतील.
त्यांनी पान मागितलं.
नुसतं. नाव नाही, शुभेच्छुक नाहीत,
नातूही नको.
खरं होतं तेवढं लांब.

खरं किती होतं?
माझ्याकडे लांबी पिक्सेलात.
आप्पांनी हात पसरले, पुरेनात.
उठून भिंतीपासून दाराकडे चालत आले,
थांबले,
एक पाऊल मागे गेले.
तेवढं छापलं.
स्क्वेअर फुटाच्या भावानं पैसे त्यांनी मोजून दिले,
सुट्ट्यासकट.

द्यायला मीच गेलो संध्याकाळी.
ओट्यावर पसरलं. शाईचा वास येत होता.
शेजारची बकरी आली,
खाच हुंगली, शिंकली, निघून गेली.
मी खाली बघत राहिलो.
"तिनं पोट भरेल व्हई," आप्पा म्हणाले.

मग तांब्यातलं पाणी शिंपडून
त्यांनी तळहातानं पान पुसलं,
शिरेकडून कडेला,
पंगतीत बसल्यावर पुसतात तसं.

मला, खरं सांगतो, भूक लागली.