दोन सूत

राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर
नेर्लेकर मॅडम विचारतात,
"शून्य ते दहामध्ये, आज किती?"
मी उद्यमनगरातला टर्नर, सव्वीस वर्षं लेथवर.
आकड्यांना मी भीत नाही.
शाफ्ट हातात घेतला की व्हर्नियर न लावता सांगतो
अजून किती काढायचं.
पण हे कुठं पकडू? चकमध्ये काय धरू?
"तीन," म्हणतो.
मागच्या महिन्यातही तीनच होते.

ही तिसरी गोळी.
पहिलीनं झोप दिली आणि तोंड कोरडं केलं.
दुसरीनं काहीच केलं नाही, चौदा महिने, नेमानं.
आता ही पांढरी, अर्धी सकाळी, अर्धी रात्री.
मी ती नखानं मोडत नाही,
ब्लेडनं कापतो, दोन्ही अर्ध्या एकसारख्या.
दिवसात एवढं एक काम नीट होतं.

आक्कानं अंबाबाईला ओटी बोललीय.
मेव्हणा म्हणतो, तालीम सोडलीस, तिथंच बिघडलं बघ.
इलाही काहीच म्हणत नाही.
इलाही मुल्लाणी, पलीकडच्या शेडमधला पॅटर्नमेकर,
भुवयांवर सागवानाचा भुसा घेऊन येतो,
अर्धा चहा माझ्याकडं सरकवतो,
आणि मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही
या बहाण्यानं आम्ही दोघं गप्प बसतो.

सांगता आलं असतं तर त्याला सांगितलं असतं:
रडू येत नाही. दुःख आहे असंही नाही.
कास्टिंग येतं ना, वरून गुळगुळीत, वजनाला बरोबर,
टूल दोन मिलिमीटर आत गेलं की पोकळी लागते,
आवाज बदलतो, बस्स.
जॉब रिजेक्टच्या ढिगात, तिथनं परत भट्टीत.
माणसाला भट्टी नाही.
माणसाला पुढची तारीख असते,
एकवीस दिवसांनी, संध्याकाळी सव्वासहा.

शैलजा पहिल्या वर्षी विचारायची, बरं वाटतंय?
दुसऱ्या वर्षी, गोळी घेतली का?
आता विचारत नाही.
डब्याचं झाकण लावते
आणि हात तसाच ठेवते झाकणावर,
जरा जास्तच वेळ.
मला काही वाटत नाही. पण दिसतं.
हे मॅडमना बोललो. म्हणाल्या, लिहून ठेवा.
जॉबकार्डाच्या मागं लिहिलं: दिसतं.

पंचगंगेच्या पुलावरून जाताना
सायकल कठड्यापासून लांब ठेवतो.
का, ते मॅडमना माहीत आहे, शैलजाला, इलाहीलाही.
तिघांना माहीत झाल्यापासून
पूल थोडा रुंद झालाय.

पहाटे चारलाच जाग येते.
एकदा पडून राहवेना, चालत गंगावेशीत गेलो.
कट्ट्यावर म्हशी आल्या होत्या, अंगातून वाफ निघत होती.
गवळ्यानं धार थेट ग्लासात सोडली, "घ्या की, गरम हाय."
चव लागली म्हणू? नाही लागली.
कोमट लागलं. तेवढं खरं होतं.
म्हैस बघत होती माझ्याकडं,
काळजीचा मागमूस नसलेल्या डोळ्यांनी,
आणि कुणीच काळजी करत नसताना
मला दीडेक मिनिट नुसतं उभं राहता आलं.
फेस मिशीवर तसाच घेऊन घरी आलो.
शैलजा हसली.
मी नाही. पण पुसलाही नाही लगेच.

काल मॅडमनी परत विचारलं, किती?
मी बराच वेळ खिडकीकडं बघत राहिलो.
म्हणालो, आमच्याकडं सूत असतं, मॅडम.
इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक.
जुनी माणसं अजून तसंच बोलतात,
सूतभर सैल आहे, सूतभर घट्ट आहे.
"मग?"
"तीनच. पण दोन सूत वर.
खात्री नाही. हात चुकत असेल."

त्यांनी पेन माझ्यापुढं केलं. सूत कसं लिहितात?
तीनच्या पुढं मी दोन बारीक रेघा ओढल्या.

खाली आलो तर सायकलची चेन उतरलेली.
बसवली.
हात काळे झाले.