उघड्या डोळ्यांची ड्यूटी

दहा वाजून पाच मिनिटांनी
कर्ण्यातली बाई मोजायला लागते :
एक, दोन, तीन, चार.
आईच्या शाळेतही हीच होती म्हणे,
हाच खरखरता आवाज. तिचं वय वाढत नाही.
बावन्न मुलं चष्मे काढून ठेवतात,
डोळे मिटतात
आणि बोटांनी भुवया चोळू लागतात.

या आठवड्यात दंडावरची लाल पट्टी माझी.
काम सोपं आहे : सगळ्यांनी मिटायचे, मी उघडे ठेवायचे.
ज्याचे उघडे दिसतील त्याचं नाव वहीत,
वर्गाचा अर्धा गुण वजा.

तुम्ही कधी बघितलेत बावन्न मिटलेले चेहरे?
चष्म्याविना सगळे
नुकतेच अंड्यातून बाहेर आल्यासारखे.
नाकाच्या दोन्ही अंगांना लाल, कोवळ्या खुणा,
जणू रोज सकाळी कुणीतरी तिथेच चिमटीत धरून
उचलून बाकावर ठेवतं यांना.
हाओ रुइ बसल्या बसल्या झोपलाय,
बोटं मात्र चालू, कणीक तिंबावी तशी.
काल रात्री दोन वाजता त्याने मला एक गणित विचारलं होतं.
मी जागीच होते.

मामा म्हणतो, या जागांना नावं आहेत.
मामा मालिश करतो, लानचौच्या जुन्या पुलापलीकडे,
नूडलच्या दुकानावरचा मजला,
जिनाभर नागदवण्याचा धूर.
नवव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले
आणि नजर बोटांत उतरून बसली.
रविवारी त्याने माझं डोकं हातात घेतलं,
कलिंगड पारखावं तसं.
भुवईचं आतलं टोक : वेळूची मोळी.
डोळ्याखाली, हाडावर : चौफेर उजेड.
कानशिलावर, ऐक, इथे : सूर्य.
आणि मानेमागे, केस सुरू होतात तिथले दोन खड्डे :
वाऱ्याचं तळं.
"किती पिढ्या चाचपडत राहिल्या असतील,
तेव्हा कुठे अंगाला गावासारखी नावं पडली.
आणि तुम्ही पोरं दाबता कशी?
दाराची घंटा वाजवून पळून गेल्यासारखी."

मी विचारलं, याने नंबर कमी होतो का?
तो इतका हसला की खालून दुकानदाराने छताला काठी ठोकली.
"नंबराचं मला विचारतेस?
त्या पाच मिनिटांत तुझ्याकडे कुणी काही मागतं का?
नाही ना? मग."

पाच, सहा, सात, आठ.
तिसऱ्या रांगेत त्सुइ मानशु.
डोळे टक्क उघडे.
समोर फळा, फळ्यावर परीक्षेला उरलेले दिवस,
पण ती तिकडे बघत नाहीये.
ती कुठेच बघत नाहीये, नुसतं पाणी वाहतंय,
हनुवटीवरून थेट रसायनशास्त्रावर,
आणि तिला पुसायचंही सुचत नाही.

माझ्या हातात पेन होतं.
टोपण काढलेलं.
मग काय झालं ते नीट सांगता येत नाही.
मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले,
दोन्ही अंगठे तिच्या मानेवर ठेवले, केसांच्या कडेला.
तळं कसलं, निरगाठ होती.
ओल्या सुंभाची, दातांनीसुद्धा न सुटणारी.
मामासारखं करायला गेले तर कळलं
की डोळे उघडे असले की बोटांना काही दिसत नाही.

म्हणून मिटले.

बाई मोजत राहिली.
कुठेतरी एक खुर्ची करकरली,
खिडकीतून नदीचा गढूळ वास आला.
आठाला गाठ थोडी सैल वाटली,
की माझाच हात दुखायला लागला होता, कुणास ठाऊक.

त्या दिवशीच्या वहीत एकच नाव आहे.
माझं, वर्गशिक्षिकेच्या अक्षरात,
खाली कारण : ड्यूटीवर असताना डोळे मिटले.

मानशु त्याबद्दल काही बोलली नाही.
जेवताना तिच्या वाटीतलं अर्धं अंडं
तिने चॉपस्टिकने माझ्या नूडलवर सोडलं.
पिवळा बलक मात्र सगळा
स्वतःकडे ठेवला.