हीट नंबर

शिरोलीच्या फाउंड्रीत, हजेरीच्या मशीनवर
बारा वर्षं एकच कॅलेंडर:
ओहायोचं तळं, लाल छपराचं घर, दारात गाडी.
सालं उलटली, पान कुणी फाडलं नाही.
काजळीतही तळं निळंच.

पार्श्वनाथ मगदूम म्हणायचा, भावा,
तिथं कोण इचारत नाही कुठं निघालास.
केवढं वाटायचं ते तेव्हा.

मग कंपनीनं धाडलं, तीन आठवडे, मालाच्या तक्रारीवर.
खरंच कुणी विचारलं नाही.

मॉलच्या पार्किंगमध्ये एक म्हातारा
गाडीतच राहायचा.
काचेला आतून टॉवेल, डॅशबोर्डवर
पेल्यात दात.
एका पहाटे गाडी सुरू होईना,
बॉनेट उघडून नुसता उभा.
वाकून बघितलं तर
ब्रॅकेटवर आमचा हीट नंबर,
आमच्या भट्टीचा,
बहुतेक रात्रपाळीचा ओतीव.
कळतं का यातलं? त्यानं विचारलं.
थोडंफार, म्हटलं.
पुढं दोघंही थंडीत गप्प.

आता गंगावेशीत, रात्री,
म्हशीची धार थेट पेल्यात पडताना
पार्श्वनाथ विचारतो, कसं हाय रं तिकडं?

तळं हाय, म्हणतो मी. निळंच हाय.

फेस खाली बसेपर्यंत
दुसरं काही सुचत नाही.