गुटी

बेळगुंदीत, आडाच्या कडेला
भरमाण्णा पेरूची फांदी निवडतो,
पेन्सिलीएवढी, ना कवळी ना जून.
दोन बोटं रुंद साल गोल उतरवतो,
आतलं बुळबुळीत विळ्याच्या पाठीनं खरवडतो.
"हे राहिलं तर जखम भरते.
मग मुळं कशाला येतील?"

मूठभर ओलं शेवाळ,
वरून नंदिनीच्या दुधाची पिशवी, सुतळी.
पिशवीवरची कन्नड अक्षरं उलटी झालीत;
त्याला ती सुलटीही वाचता येत नाहीत.

कुंपणापलीकडून गंगव्वा रोज विचारते,
"बेर बंदावेन?"
तो नुसती मान हलवतो.

एकोणचाळिसाव्या दिवशी
मी चोरून पिशवी चाचपली.
आत काहीतरी ताठ, दोऱ्यासारखं.
कुणाला बोललो नाही.

करवत मात्र त्यानं लांबवली,
कधी बाजार, कधी कंबर,
कधी नुसताच झाडाखाली बसून.

कापली तेव्हा
फांदी पाच वर्षांची होती,
रोप एका दिवसाचं.

गंगव्वाच्या परसात
पहिल्याच साली कळी धरली.
खूड, म्हणाला भरमाण्णा,
आधी कन्नडमध्ये, मग मराठीतही.
तिनं दोन्हीदा ऐकलं.
खुडली नाही.